छताखालचं छत

माझे पती ज्या कचेरीत कारकून होते, ती इमारत निजामाच्या काळातली. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, समोर कमानींचा व्हरांडा. छत खूप उंच आणि त्याच्या लगत झरोक्यांची रांग. तापलेली हवा वर चढून तिथून निघून जायची. मे महिन्यातही आत गेलं की घाम सुकतो, असं ते सांगत. लग्नानंतर वेरूळच्याही आधी त्यांनी मला ही कचेरी दाखवली होती.

पुढं एसी आले. गारवा टिकावा आणि कबुतरं आत येऊ नयेत, म्हणून झरोक्यांच्या खाली फॉल्स सीलिंगचे पांढरे तक्ते बसवले. आतल्या कमानींचे माथे त्यामागं गेले. माझे पती हळहळले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले होते, "भाऊसाहेब, तुम्हाला अजून निजामाचीच हवा लागते व्हय?" हे घरी सांगताना ते हसले होते.

काही वर्षांनी त्यांना कोरडा खोकला लागला. बोलता बोलता दम तुटू लागला. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो पाहून विचारलं, आसपास कबुतरं असतात का? आम्ही दोघांनीही नाही म्हटलं. घरी नव्हतीच, आणि कचेरीतली तर यायची बंद झाली होती. ते कामावर जात राहिले. दिवाळीनंतर वारले.

त्यांचा चष्मा आणि खुर्चीवरची उशी आणायला मी कचेरीत गेले, तेव्हा तक्ते बदलण्याचं काम चाललं होतं. त्यांच्या टेबलाच्या वरचे काढलेले होते. मी वर पाहिलं. झरोके कुणी बुजवलेच नव्हते, नुसते खालून झाकले होते. दोन छतांच्या मधल्या अंधारात कबुतरं नांदत होती. आजूबाजूच्या तक्त्यांवर विष्ठेचा करडा थर साचला होता, आणि त्याची भुकटी फटींतून खालच्या टेबलांवर उतरत होती.

ते शेजारचे कारकून आता याच टेबलावर बसत. त्यांना मी डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. म्हटलं, आधी घाण काढा, झरोक्यांना जाळ्या लावा. त्यांनी वर पाहिलं.

"वहिनी, मंजुरी तक्त्यांची आलीय," ते म्हणाले. "जाळ्यांची नाय."

मग तोवर व्हरांड्यात बसा, मी म्हटलं. त्यांनी साहेबांच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं मी धरलं.