पेले पुसायची युक्ती

चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या माईच्या. म्हणजे हॉटेल मालकाचं, पण झाडपूस माईची. अकरा वर्षं. चादर इतकी ताणून खोचायची सवय, की घरी नवऱ्याला अंथरुणात पाय घालता येईनात. "बाई, मी काय पाहुणा आहे का इथे?" तो ओरडायचा. पूर्वी ती हसायची, हल्ली त्याच्यावरच खेकसायची.

खेकसणार नाही तर काय! बारा खोल्यांच्या सोळा झाल्या, वेळ मात्र तेवढाच. गुडघे पार कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, वाकणं बंद करा. घ्या! पलंग काय उभ्याने आवरतात? आता एकच आशा होती. तळमजल्यावर चादरी-टॉवेलांची खोली सांभाळणारी बाई निवृत्त होणार होती. तिथे बसून काम. ती जागा मिळाली तरच माईची नोकरी टिकणार होती.

"तुझंच नाव देते," बारकी म्हणाली होती. बारकी म्हणजे माईची जिवाभावाची मैत्रीण, आता तिची सुपरवायझर. दोघी एकाच दिवशी लागल्या, एका डब्यात जेवल्या. सोळा खोल्यांनी माई रडकुंडीला आली, तेव्हा युक्ती बारकीनेच शिकवली. पेले धुवायची जागा तळमजल्यावर, लिफ्ट फक्त पाहुण्यांना. मग कशाला खालीवर करायचं? पाहुण्याच्याच वापरलेल्या टॉवेलने पुसायचे आणि ठेवून द्यायचे.

"शी!" माई म्हणाली होती.

"मग बस इथेच मुक्कामाला," बारकी म्हणाली होती. शेवटी माई शिकली.

आणि एक दिवस पेल्यात केस निघाला. मॅनेजरसाहेबांनी दोघींना बोलावलं. "हा घाणेरडा प्रकार कोणाचा?"

माईने बारकीकडे पाहिलं. बारकी टेबलाकडे बघत होती.

"साहेब, हिला कितीदा बजावलं," बारकी म्हणाली, "पण ऐकेल तर शपथ!"

माईला लेखी ताकीद मिळाली, आणि ताकीद मिळालेल्या बाईला खालची जागा देत नाहीत. बाहेर बारकीने तिचा हात धरला. "अगं, माझी खुर्ची गेली असती. तुझी नोकरी तर राहिली ना?"

माईने हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक पेला जिन्याने खाली नेऊन धुतला. दुपारपर्यंत जेमतेम पाच खोल्या झाल्या. खाली नवे पाहुणे सामानासकट ताटकळलेले. बारकी धावत वर आली, दार लोटून कुजबुजली, "माई, काय चालवलंयस हे? पूस ना रोजच्यासारखे! मी काही बघत नाहीये."

माईला रडू आलं, आणि रडू आलं याचाच संताप आला. बाथरूममधला पाहुण्याचा ओला टॉवेल आणून तिने बारकीच्या हातात कोंबला आणि दार सताड उघडलं. बाहेर गाड्या ढकलणाऱ्या बायका थांबल्या.

"पूस," माई मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांसमोर पूस. तूच शिकवलंस मला. तुझाच हात बसलाय."

बारकी टॉवेल धरून नुसती उभी राहिली. माईने दोन पेले उचलले आणि गुडघा धरत, एकेक पायरी करत ती जिना उतरू लागली.