सासूचा आवाज आणि मधली डबी

तबकडी फिरत होती, सुई टेकलेली होती, आणि दोन्ही स्पीकरमधून मच्छर गुणगुणावा तेवढाच आवाज येत होता. पुतण्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मच्छर थोडा जवळ आला, एवढंच. खाटेवर बसलेली माझी थोरली जाऊ म्हणाली, "सासू दुसऱ्यांदा मेली गो."

चूक माझी होती आणि ती मला ठाऊक होती.

त्या तबकडीवर आम्ही चौघी होतो. सासू धवलारीण. आमच्या खाडीकडे धवलारणीने गायल्याशिवाय लग्न लागत नसे. तिच्यामागे गाणाऱ्या आम्ही तिघी: जाऊ, नणंद आणि मी. मुंबईच्या एका कंपनीची माणसं पेणला आली, आम्हाला गायला बसवलं आणि पुढे एक तबकडी पाठवली. एकच. घरात वाजवायला यंत्र नव्हतं. लाउडस्पीकरवाला मागायला आला तर सासूने दिली नाही. त्याची सुई तबकड्या खरवडते हे तिने लग्नांत पाहिलं होतं. न ऐकताच ती गेली. मग नणंद गेली. तबकडी लुगड्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत राहिली. शेवटी रोह्याला जावेचं दुखणं वाढलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा ऐकव, मग जाते."

पेणच्या दुकानात दोन यंत्रं होती.

"ही घ्या आजी," दुकानदार म्हणाला. "स्पीकर आतच हाय. बटण दाबलं की सुई आपोआप जाते."

मी त्या सुईखाली बोट धरलं. जड होती. मी चाळीस वर्षं कारखान्यात गणपतीचे डोळे आखले. कुंचला किती टेकवायचा ते माझ्या बोटांना कळतं. दुसऱ्या यंत्राच्या दांडीला मागे वजन होतं, ते फिरवून सुईचा भार हलका करता येई. पण सुई हाताने ठेवावी लागे.

"हात थरथरंल, आजी."

"तुझा थरथरत असंल."

ते घेतलं. मग त्याने एक डबी पुढे केली, ही यंत्र आणि स्पीकरच्या मध्ये जोडावीच लागते म्हणाला. मला वाटलं, म्हातारी बघून माल गळ्यात मारतोय. डबी तिथेच ठेवून मी आले. म्हणून रोह्यात पुतण्याच्या स्टिरिओवर मच्छर.

दुसऱ्या दिवशी परत पेणला गेले. दुकानदार हसला नाही, हे त्याने बरं केलं. सुईतून येणारा आवाज मुळात इवलासा असतो, म्हणाला, आणि तबकडी कापताना जाड आवाज दाबून टाकलेला असतो. डबी आवाज मोठा करते आणि दाबलेलं परत वर आणते. अशा दोन डब्या होत्या त्याच्याकडे. मी म्हटलं, दोन्ही लाव आणि काही वाजवू नको. एक घुमत राहिली. दुसरी गप्प बसली. गप्प बसली ती घेतली आणि गाडीत रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन गेलं तरी मांडीवरून हलवली नाही.

पुतण्याने वायरी जोडल्या. मी सुई ठेवली.

आधी सासूचा श्वास आला. गायच्या आधी ती नाकाने मोठा श्वास घ्यायची, ते मी पार विसरले होते. मग तिचा आवाज. तो स्पीकरमधून येतच नव्हता. दोन स्पीकरच्या मध्ये, भिंतीवर कॅलेंडर होतं, तिथून येत होता. मी उठून भिंतीला हात लावून पाहिला. थंड भिंत. मागे नणंदेच्या बांगड्या वाजल्या, टाळी धरताना वाजायच्या तशा. आणि एक कोवळा आवाज, दर ओळीच्या शेवटी उशिरा पोचणारा.

"ती तू," जाऊ म्हणाली. "तवापण मागंच राहायचीस."

माझ्या अंगावर काटा उभा राहिला तो बाजू संपेपर्यंत गेला नाही. गाणं थांबलं, सुई नुसती खरखरत फिरत राहिली, आणि मी ती उचलायचं विसरले.

"उलट गो," जाऊ म्हणाली. "दुसरी बाजू हाय."

ती पावसाळ्यात गेली. गायलो चौघी, ऐकलं दोघींनी. त्यातली आता मी एकटी आहे.