श्रेणिक सरांच्या कोंबड्या

श्रेणिक मगदूमांच्या मळ्यात पहिल्यांदा कोंबडा आरवला, तेव्हा अख्ख्या पलूसची करमणूक झाली. जैनाचा मळा, पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि तिथं कोंबड्या! पारावरच्या मंडळींना वर्षभर चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणे मास्तर बाटला, कुणी म्हणे चोरून अंडी खातोय. दुसऱ्याच्या ताटात वाकून बघायची माणसाला भारी हौस, आपल्या ताटात काय आहे ते मात्र त्याला दिसत नाही. श्रेणिकलाही दिसलं नाही, आणि त्याची किंमत भलत्यानंच मोजली.

श्रेणिक सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवस कलताना यायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं बायकांना रिकामं सूप दाखवून कोंबड्या हाकलताना पाहिलं होतं. माणसालाच दाणा नव्हता, तिथं कोंबडीला कोण घालणार? तेव्हापासून हा विषय त्याच्या डोक्यात बसला. बांधावर सुबाभूळ फुकटात वाढते, तिच्या पाल्यात डाळीसारखं सत्त्व असतं. तो चिरून कोंबडीला घातला तर निम्मा दाणा वाचेल. यावरच त्यानं पीएच.डी.चं काम सुरू केलं.

दुसरं वेड मात्र फार लांबचं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याला प्राचीन चिनी विचारवंतांवरची इंग्रजी पुस्तकं सापडली आणि तो त्यांच्या नादी लागला. डोंगराची एक बाजू उन्हाची, एक सावलीची, आणि दोन्हींशिवाय डोंगर होत नाही, असं काहीसं ती माणसं हजारो वर्षांपूर्वी सांगून गेली होती. श्रेणिकला ते मनापासून पटलं. मळ्यात उभं राहिलं की समोरचा सागरेश्वरचा डोंगर रोज तसाच दिसायचा. पाला म्हणजे ऊन, दाणा म्हणजे सावली, दोन्हींचा तोल राहिला की कोंबडी सुखी, असं त्यानं प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहून टाकलं. साताऱ्याच्या त्याच्या मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. “मगदूम, कोंबडीच्या खाद्यात चीन कशाला कालवताय?” पण त्यानं ते प्रकरण काही काढलं नाही.

कोंबड्या आणायच्या म्हटल्यावर आई, राजमती, उंबऱ्यात आडवी आली होती. “पाळायच्या तर पाळ. पर ह्यातली एक जरी सुरीखाली गेली, तर मी अन्न सोडीन.” श्रेणिकनं शब्द दिला. बायकोनं, गुणमालानं, पहिले काही दिवस नाकाला पदर लावून खुराड्यात पाऊल टाकलं. महिन्याभरात ती कोंबड्यांना नावानं हाका मारायला लागली. पाला तोडणं, चिरणं, मापानं घालणं सगळं तिच्याकडंच आलं. श्रेणिक रविवारी कोंबड्यांची वजनं करायचा. अंडी गड्याच्या घरी जायची. वर्ष उलटलं, दुसरं लागलं, आणि कोंबड्या अशा तुकतुकीत झाल्या की पारावरची मंडळीसुद्धा गप्प बसली.

“आता दुसऱ्याच्या परसात करून दाखवा,” मार्गदर्शक म्हणाले.

जवळच्या कुंडलमध्ये बनुबाई राहायची. नवरा फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. तेव्हापासून ती लेकीला घेऊन दिराच्या, लालासाहेबाच्या घरात होती. खायला मिळायचं, पण मागून घ्यावं लागायचं. तिच्या मालकीचं असं एकच, परसातल्या कोंबड्या. लेक अंजना हायस्कुलात जात होती. “पोरीची जात, शिकून काय करनार? रानात भांगलायला लावा तिला,” असं लालासाहेब म्हणाला, तेव्हा बनुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा करून सांगितलं होतं, “अंजीच्या शाळंचं माज्या कोंबड्यांवर बघंन मी. तुमच्याकडं हात पसरनार न्हाई.” त्यावर दीर तोंड वाकडं करून बाहेर गेला, पण पोरीची शाळा राहिली.

श्रेणिकनं तिला समोर बसवून सगळं समजावलं. “दाणा निम्मा करा. राहिलेला पैसा पोरीच्या पुस्तकाला जाईल. पाला मात्र रोज घालायचा, बनुबाई. एक दिवसही चुकवायचा नाही.”

“न्हाई चुकवायची,” बनुबाई म्हणाली. शेजारणी कुजबुजल्या, तर त्यांनाही तिनं ऐकवलं, “जैनाचा शबूद हाय. खोटं कशाला सांगत्याल?”

पावसाळा सरता सरता कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. मग मानेवरची पिसं झडली. पंख पाडून त्या भिंतीकडेला उभ्या राहायला लागल्या. श्रेणिक धावत आला, एकेक हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, “अंगात ताकद कमी पडतीय. पाला थोडा वाढवा.” बिचारीनं वाढवला. चिखल तुडवत लोकांच्या बांधावरून पाल्याचे भारे आणले. आणि कोंबड्या मरायला लागल्या. मानमोडी असेल म्हणून श्रेणिकनं एक कोंबडी गुरांच्या डॉक्टरकडं नेऊन दाखवली. डॉक्टर म्हणाला, हा मानमोडीचा रोग नाही, हे खाण्यातलं काहीतरी आहे.

श्रेणिकची झोप उडाली. तोच पाला, तीच जात, तेच माप. मग आपल्या जगल्या कशा? त्यानं कॉलेजात रजा टाकली आणि पहाटेच खुराड्याजवळ जाऊन बसला. थोड्या वेळानं गुणमाला आली. हातात नुसती दाण्याची पाटी.

“पाला कुठाय?”

“आवं, आज चौदस न्हवं?”

“मग?”

“मग काय? अष्टमी-चौदसीला हिरवं तोडतो व्हय आपण? दाणाच घालते मी. पर्युषणात तर पाल्याला हातच लावत न्हाई.”

“कधीपासून?”

“पैल्यापासनं. तुमी कवा विचारलंत?”

श्रेणिकनं पाटीतला दाणा मुठीत घेऊन पाहिला. सुबाभळीत जनावराला बाधणारं काहीतरी असतं, हे त्यानं वाचलं होतं. पण आपल्या कोंबड्या ठणठणीत आहेत म्हटल्यावर त्यानं ते मनाआड केलं होतं. या घरात मध्ये मध्ये पाला बंद व्हायचा आणि त्या खाड्यात कोंबडीच्या अंगातलं विष उतरायचं. बनुबाईच्या घरात खाडा नव्हता. आणि हे कळायला कुठला चिनी ऋषी लागत होता? अष्टमी-चौदसीला त्याच्या स्वतःच्या ताटात हिरवी भाजी नसायची, नुसती आमटी-भाकरी असायची. लहानपणापासून तो तेच जेवत आला होता. ऊन-सावलीच्या तोलावर एवढं लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच परसातली सावली दिसली नव्हती.

गुणमालाला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. “माज्या नेमापायी त्या बाईचं वाटुळं झालं का हो?”

“तुझ्या नेमानं आपल्या वाचल्या. माझ्या शब्दानं तिच्या मेल्या,” श्रेणिक म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

तो साताऱ्याला गेला. मार्गदर्शकांनी ऐकून घेतलं आणि चक्क टाळी वाजवली. “अहो, मग प्रबंध आणखी भारी झाला की! खाडा घालून पाला द्यावा, एवढं एक प्रकरण वाढवा. तुमच्या चिनी लोकांनाही आता जागा मिळाली.” श्रेणिकला शिसारी आली. त्यांची नव्हे, स्वतःची. कारण क्षणभर त्याला ते पटलं होतं. “मला ही पदवी नको,” असं म्हणून तो उठला तो परत त्या दाराशी गेला नाही.

मग तो कुंडलला गेला. खरं तर आधी इथंच यायला हवं होतं. बनुबाईच्या परसात खुराड्याचं दार सताड उघडं होतं. एकच कोंबडी उरली होती, मानेला पीस नसलेली, कोपऱ्यात दबून बसलेली. लालासाहेब ओट्यावर तंबाखू मळत होता. त्यानं “या सर” म्हटलं, पण त्यात आदर नव्हता.

श्रेणिकनं काही लपवलं नाही. घरातला नेम, खाडा, आपलं न विचारणं, सगळं सांगितलं.

“म्हंजी तुमच्या कोंबड्यांस्नी उपास हुता,” बनुबाई म्हणाली.

“होय.”

“मला तुमी रोज घाल म्हनलात. तापानं फणफणले हुते सर, तरी उठून पाला आणला. एक दीस चुकवला न्हाई.” आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं कोपऱ्यातली कोंबडी उचलली आणि त्याच्या हातात दिली. “ही न्या तुमी. तुमच्याकडं नेम पाळत्यात. तितं तरी जगंल.”

श्रेणिकला नाही म्हणता येईना. कोंबडी दुबळी होती, तरी हातात फडफडायला लागली. तेवढ्यात अंजना रानातून आली. हातात खुरपं, कोपरापर्यंत माती. तिनं आईकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, आत गेली आणि खुंटीवरच्या दप्तराचा बंद काढून घेऊन आली. खाली बसून तिनं कोंबडीचे पाय नीट बांधले.

“अगं, हा तुझ्या दप्तराचा बंद,” श्रेणिक म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या सर. मला न्हाई लागत आता,” अंजना म्हणाली आणि हात धुवायला गेली.