वरून सोडलेला शिरा

अर्धा शिरा माझ्या ओंजळीत पडला. अर्धा फरशीवर.

मुलींच्या वसतिगृहात सत्यनारायणाची पूजा होती. रेक्टरबाई स्वतः प्रसाद वाटत होत्या. माझ्या पुढच्या मुलीच्या तळहातावर त्यांनी शिरा ठेवला. बोटांना बोटं लागली, बाई हसल्या. मग माझी पाळी. मी ओंजळ केली. बाईंचा हात वर गेला, चांगला हातभर. तिथून त्यांनी शिरा सोडला.

"उचल," बाई म्हणाल्या. "प्रसाद पायदळी येता कामा नये."

मी वाकले. मागून आवाज आला, "ह्यांना देव चालत नाही, शिरा मात्र चालतो."

सगळ्या हसल्या. मी शिरा वेचला आणि खाल्ला. खाली सांडलेलासुद्धा, सगळ्यांच्या देखत. भरपूर तूप होतं त्यात. ती चव अजून जिभेवर येते, आणि अजून संताप होतो.

मी तिथे देवासाठी गेले नव्हते. आमच्या घरात देव उरलेच नव्हते. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले आणि घरातले टाक त्यांनी नाल्यात सोडले. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. मी पूजेला गेले, कारण वरच्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या आणि खाली माणसं होती. हसणारी, बोलणारी. माझ्या खोलीत तीन खाटा होत्या. दोघींनी खोली बदलून घेतली होती. जेवायच्या बाकावर माझ्या शेजारी कुणी बसत नसे. कधीकधी दिवस संपायचा आणि लक्षात यायचं, आज कॉलेजातल्या हजेरीशिवाय तोंडातून शब्द निघाला नाही.

कुही तालुक्यात दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणारे माझे बाबा मला सोडायला आले, तेव्हा म्हणाले होते, "मोठ्या लोकायत बसत जाय बाई. शिकशीन." म्हणून मी बसायला गेले.

त्या संध्याकाळी मी ट्रंक भरली. दिवाळीला गावी जायचं आणि परत यायचं नाही, असं ठरवलं. त्यांना तेच हवं होतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

कॉलेजच्या वाटेवर, रुळांपलीकडच्या वस्तीत एक विहार होता. टिनाचं छप्पर, निळ्या भिंती. संध्याकाळी आतून बायकांचा वंदनेचा आवाज यायचा. तिथून जाताना मी नेहमी झपाझप पाय उचलायचे. आमच्या गावात विहार नव्हता. भिंतीवर एक फोटो आणि त्याच्यापुढे दिवा, एवढाच आमचा धम्म. मला पूर्ण वंदना येत नव्हती. कॉलेजात शिकणारी मुलगी आणि वंदना येत नाही, असं कुणी म्हणालं तर?

शिरा पडला त्यानंतर पाय आपोआप हळू झाले. एकदा विहारासमोरच्या सायकलच्या दुकानापाशी थांबून चपलेचा पट्टा ठीक करायचं सोंग केलं. दुकानदार म्हणाला, "तुटली का बाई?" मी "नाही" म्हणून पळाले. एकदा पायरीपर्यंत गेले. आत सगळ्या पांढऱ्या साड्यांत होत्या. माझी हिरवी होती. परत फिरले. खोलीत येऊन त्या भरलेल्या ट्रंकेवर बसून राहिले. पांढरी साडी माझ्याकडे नव्हती आणि येणारही नव्हती. पुढच्या पौर्णिमेला हिरव्याच साडीत आत गेले.

दाराजवळ बसले. चपलांच्या शेजारी. कुणी सांगितलं नव्हतं. अंगच तिथं बसलं.

"वं पोरी!" पुढून एक म्हातारी ओरडली. गिरजाबाई. वंदना तीच सांगायची. "चपलायची राखन करून राहिली काय? पुढं ये."

सगळ्या हसल्या. मी आक्रसले. हसण्याचा आवाज मला माहीत होता. पण हसता हसता बायका सरकल्या आणि सतरंजीवर जागा झाली. जागा इतकी अरुंद की दोन्हीकडून गुडघे लागले. कुणी गुडघा मागे घेतला नाही.

वंदना सुरू झाली. मी नुसते ओठ हलवत होते. गिरजाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"येत नसन तं नुसती बस," ती नंतर म्हणाली. "आमाले काय जलमताच येत होती?"

मग खीर आली. गिरजाबाई गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन वाढत होती. माझ्यापाशी आली. मी ओंजळ केली. खाली, पार मांडीपर्यंत नेली आणि मान मागे घेतली.

"हे काय वं? खीर काय आभायातून पडून राहिली?"

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. तिचं हसू गेलं. अशी ओंजळ तिनंही कधीतरी केली असणार. तिनं गंज खाली ठेवला, एक वाटी आणली, माझं मनगट धरलं आणि वाटी तळहातावर दाबली.

"वाटी धर. ओंजय आता करायची नाही. कोनापुढंच नाही."

हात तिनं सोडला नाही. मी मान हलवीपर्यंत धरून ठेवला.

मी रडले नाही. मला राग आला. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी वरून ओतत. अक्षर शिकायच्या आधी माझे हात हे शिकले होते. इथे वर कुणी नव्हतं, तरी हात खालीच गेले.

ट्रंक रिकामी केली. दर आठवड्याला जाऊ लागले. वंदना पाठ झाली. दिवाळीची सुट्टी संपवून परत आले.

जानेवारीत वसतिगृहात पुन्हा पूजा झाली. मी मुद्दाम खाली गेले, रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. एकच हात सरळ पुढे केला. बाईंचा हात वर गेला. मीही माझा हात वर नेला. त्यांचा आणखी वर, माझाही.

"हे काय चाललंय?"

"हातावर ठेवा बाई. नाहीतर नको." हात मी वरच ठेवला.

कुणी हसलं नाही. बाईंनी शिरा परत पातेल्यात टाकला.

"चार अक्षरं शिकलात तर एवढा माज?"

"अजून पहिलंच वर्ष आहे, बाई."

मी वळले आणि तशीच विहाराकडे गेले.

बाई बदलल्या नाहीत. माझ्या शेजारचा बाक रिकामाच राहिला. मी बाकाच्या मधोमध बसू लागले. वसतिगृह सोडलं नाही, कॉलेज सोडलं नाही. आणि एक ठरवलं, ते आजही तसंच आहे. वरून सोडलेलं काही घ्यायचं नाही. शिरा नाही, दया नाही, कौतुकसुद्धा नाही. द्यायचं असेल त्यानं आपला हात खाली आणावा. माझा खाली जाणार नाही.