कोपऱ्यातल्या खोलीची हवा

साथ संपली तेव्हापासून आमच्या सासूबाई कशावरच फुंकर घालत नाहीत. गरम वाटीवर नाही, मेणबत्तीवर नाही, भाजलेल्या बोटावर नाही. साथीनंतर जन्मलेली माझी लेक भिंगरी दिवसातून कितीदा तरी धडपडते, आणि पडली की रडत थेट आजीकडे धावते, "आजी, फुंकर!" त्यावर या बाई हाताने तोंड झाकून मागे सरकतात आणि मला हाका मारतात. मी हातातलं काम टाकून येते, गुडघ्यावर फुंकर घालते, आणि पोर माझ्याकडे अशी बघते, जणू दुकानदाराने तिला भलतीच वस्तू दिलीय. आजीची फुंकर लागली की दुखणं पळून जातं, असं तिच्या बापाने तिला सांगून ठेवलंय. तो सांगून मोकळा होतो, निस्तरायला मी आहेच.

बाप खोटं सांगत नाही म्हणा. फुंकर हाच सासूबाईंचा धंदा होता. शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम आहे. स्वतःचं स्वतः उठून करता येत नाही अशी माणसं तिथे राहतात. सासूबाई तिथे चहा द्यायच्या. एक चाक कुरकुरणारी ट्रॉली ढकलत लांबलचक पॅसेजमधून खोली-खोली फिरायच्या. कुणाचे हात थरथरायचे, कुणाला गरम-गार कळायचं नाही. मग या कप स्वतःच्या हातात धरायच्या, फुंकून फुंकून निववायच्या, मनगटावर थेंब टाकून बघायच्या आणि मगच समोरच्याच्या ओठाला लावायच्या. आश्रमात त्यांना सगळे फुंकरबाई म्हणत. मी लग्नाआधी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा माझ्या कपावरही त्यांनी न विचारता फुंकर घातली होती. खरं सांगते, मला किळस आली होती. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "झालं, आता तू घरातली."

आश्रमात सगळ्यांशी त्यांचं जमायचं, पण जीव होता तो कोपऱ्यातल्या खोलीतल्या हॅलोबाईंवर. या बाई जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दारावर टकटक झाली की "या" म्हणायच्याऐवजी "हॅलो" म्हणायच्या, म्हणून ते नाव. हात पूर्ण गेलेले, पाय त्याहून गेलेले, जीभ मात्र तल्लख. "फुंकरबाई, माझं एवढं एकच हत्यार धड राहिलंय, ते भाजू देऊ नका," असं म्हणून तोंड पुढे करायच्या. त्यांच्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या होत्या आणि त्या दोन्ही सदा उघड्या. नर्स थंडी वाजते म्हणून कुरकुरायची. हॅलोबाई म्हणायच्या, "आयुष्यभर कान कोंडून बसले होते, आता नाक तरी मोकळं राहू दे." हे सगळं सासूबाई घरी येऊन आम्हाला करून दाखवायच्या. हॅलोबाईंना मी प्रत्यक्ष कधी बघितलं नाही, पण आवाज ओळखीचा झाला होता.

मग साथ आली. आश्रमात मास्क आले, हात धुवायचं औषध आलं, भिंतीवर सूचना लागल्या. सासूबाईंनी सगळं इमानेइतबारे पाळलं. पण फुंकर घालायची तर तोंड उघडं हवं. मग मास्क हनुवटीखाली, फुंकर, मास्क पुन्हा वर, पुढची खोली. यात काही धोका आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टर बघत होते, नर्स बघत होती, सगळे त्याला माया म्हणत होते. आणि ती मायाच होती, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

पॅसेजच्या मधल्या खोलीतले एक आजोबा आधी आजारी पडले. मग शेजारच्या खोल्या. दारं बंद झाली, चहा बाहेरच्या स्टुलावर ठेवायचा हुकूम निघाला. हॅलोबाईंना ताप चढला तो त्याच आठवड्यात. सासूबाई कप घेऊन बंद दाराशी उभ्या राहायच्या. दाराला काच होती, पण ती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आत पडलेल्या माणसाला बाहेर कोण आहे ते दिसायचं नाही, फक्त चाकाची कुरकुर ऐकू यायची. ती ऐकली की आतून आवाज यायचा, "हॅलो? फुंकरबाई?" या म्हणायच्या, "आहे हो, इथेच आहे." आत जायची बंदी होती. चहा स्टुलावर आपोआप निवायचा.

मग सगळ्या कामवाल्यांची तपासणी झाली आणि सासूबाईंनाच लागण निघाली. ताप नाही, खोकला नाही, साधी शिंकसुद्धा नाही. कधीपासून होती हे कुणी सांगू शकलं नाही. त्यांना घरी पाठवलं, मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीत असतानाच हॅलोबाई गेल्याचा फोन आला. तो सासूबाईंनी स्वतः उचलला होता. तेव्हापासून फोन वाजला की त्या तो लगबगीने माझ्या हातात आणून देतात. पलीकडून "हॅलो" ऐकायला नको असतं त्यांना. आणि कधी कधी भांडी लावताना मध्येच मान वर करतात, "आहे हो, इथेच आहे," म्हणतात, आणि पुन्हा भांडी लावायला लागतात. घरात कुणीही हाक मारलेली नसते. माझा नवरा अशा वेळी उठून उगाच नळ सोडतो.

आता माझ्या कामाचं सांगते. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. साथीनंतर तो आश्रम नव्याने बांधायचं ठरलं आणि काम नेमकं आमच्या ऑफिसकडे आलं. पुन्हा साथ आली तर ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये, आणि माणसं एकटी पडून मरूही नयेत, असं बांधून द्या, एवढीच मागणी होती. सांगायला सोपी, कागदावर उतरवायला महाकठीण. सरांनी हवेचा अभ्यास असलेला एक इंजिनिअर बोलावला. आम्ही त्याला हवावाला म्हणायचो. तो कुठल्याही खोलीत शिरला की आधी छताकडे बघायचा आणि माणसांना नमस्कार नंतर करायचा.

जुन्या इमारतीत फिरून आल्यावर तो म्हणाला, "खोल्यांच्या भिंती छताला टेकलेल्याच नाहीत. खोटं छत लावून वरची फट झाकलीय. खालून दारं बंद करून काय उपयोग? वरून सगळे एकाच खोलीत झोपले होते." धूर सोडून हे सिद्ध करता येईल, असंही म्हणाला.

ते ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इमारतच गुन्हेगार होती! सासूबाईंच्या मनात काय सलतंय हे त्यांनी कधी उघड सांगितलं नव्हतं, पण न समजायला मी काही दूधखुळी नाही. धूर त्यांच्या डोळ्यांसमोर खोली-खोलीत गेला, तर आपलं श्वासाचं पाप नाही हे त्यांना पटेल, आणि माझ्या पोरीला तिची आजी मिळेल. मी घरी येऊन म्हणाले, "आई, उद्या माझ्याबरोबर आश्रमात यायचं." त्या नाही म्हणाल्या. मी हट्ट धरला, आवाज चढवला, शेवटी रुसले. सुनेचं रुसणं त्यांना कधी झेपलं नाही.

इमारत रिकामी होती. साथीतून वाचलेल्यांना दुसरीकडे हलवलं होतं. दारं-खिडक्या साथीच्या सुरुवातीला, दारं बंद व्हायच्या आधी असायच्या तशाच ठेवल्या, आणि ज्या मधल्या खोलीतले आजोबा आधी आजारी पडले होते, तिथे हवावाल्याने यंत्र ठेवून दार लावून घेतलं. आम्ही पॅसेजमध्ये उभे राहिलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग शेजारच्या खोलीच्या छतातून, दिव्याच्या भोकातून, पांढरा धूर खाली उतरायला लागला. सावकाश, आवाज न करता. मग त्याच्या पलीकडच्या खोलीत. मग समोरच्या.

सासूबाई प्रत्येक दारात जाऊन बघत होत्या. "हे घड्याळवाले आजोबा," त्या हळूच म्हणाल्या. पुढच्या दारात, "या शिवणवाल्या बाई." धूर रिकाम्या पलंगांवर उतरत होता आणि त्या एकेकाला नावाने ओळखत होत्या. दर खोलीगणिक त्यांचे खांदे सैल पडत होते. हवावाला नकाशावर खुणा करत होता. मला तर त्या ओसाड इमारतीत हसू यायला लागलं होतं, इतकी मी खूश होते.

धूर पॅसेजभर झाला आणि शेवटच्या कोपऱ्याकडे निघाला. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं, दोन्ही खिडक्या उघड्या. धूर उंबऱ्यापर्यंत गेला, तिथे घोटाळला आणि मागे फिरला. आत एक रेघही गेली नाही. खोली स्वच्छ दिसत होती, पलंगाच्या कडेपर्यंत ऊन पडलं होतं.

"अजून सोडा धूर," मी म्हणाले.

हवावाल्याने अजून सोडला. तो पुन्हा उंबऱ्याशी येऊन मागे फिरला.

"ही खोली मागाहून बांधलीय," तो उत्साहाने सांगायला लागला. "भिंती पार वरपर्यंत आहेत. एका खिडकीतून हवा येते, दुसरीतून जाते, उरलेली दारातून बाहेर ढकलली जाते. इथे पॅसेजमधली हवा येऊच शकत नाही. वा! काय खोली आहे!" मला त्याचा गळा आवळावासा वाटला.

"खिडक्या लावून बघू या," मी म्हणाले. "कधीतरी लावल्या असतीलच की."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिने कधीच लावू दिल्या नाहीत." त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, धूर त्यांच्या पाठीमागे होता. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाकीचे नसतीलही माझे. एवढी एक माझी."

परतीच्या वाटेवर मी भांडभांड भांडले. नर्स जायची, डॉक्टर जायचे, चादरी बदलणारे जायचे, कुणाकडूनही झालं असेल! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी मास्क खाली नव्हता केला, बाळा," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडाशी मीच होते." त्यांना तिथे ओढून मीच नेलं होतं.

मी ऑफिसात सुचवलं की कोपऱ्यातली खोली पाडून तिथे सामानाची खोली करू. कारण काही सांगितलं नाही. हवावाला जवळजवळ ओरडलाच, "पाडायची? अहो, हीच तर आपल्याला सापडलीय! हिचीच नक्कल करायची." आणि तसंच ठरलं. लांब पॅसेज मोडला, छोटी छोटी घरं केली, प्रत्येकाला वेगळं स्वयंपाकघर. प्रत्येक खोलीच्या भिंती पार छतापर्यंत, प्रत्येकीला दोन बाजूंनी खिडक्या. जुनी कोपऱ्यातली खोली तेवढी जशीच्या तशी राहिली. सगळ्या खोल्या मी माझ्या हाताने काढल्या, आणि काढताना दर वेळी मला तिथे पलंगाच्या कडेपर्यंत ऊन दिसायचं. दारांच्या काचा मात्र मी हट्टाने खाली आणल्या, पडल्या पडल्या बाहेरचं माणूस दिसेल इतक्या. सर म्हणाले, विचित्र दिसतंय. मी म्हणाले, दिसू दे.

इमारत तयार झाली तशी आश्रमाने सासूबाईंना पुन्हा कामावर या म्हणून निरोप पाठवला. एकदा बघून तरी या, अशी नवऱ्याने गळ घातली, तेव्हा भिंगरीला घेऊन आम्ही तिघी गेलो. माणसं अजून राहायला यायची होती, नव्या रंगाचा वास होता. सासूबाईंनी पहिल्या खोलीचं दार उघडलं आणि थबकल्या. दुसरीचं उघडलं. तिसरीचं. मग भिंतीला हात टेकून माझ्याकडे वळल्या.

"सगळीकडे तिचीच खोली केलीस गं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "ती सगळ्यात चांगली होती, आई," एवढंच बोलता आलं.

तेवढ्यात भिंगरी नव्या गुळगुळीत फरशीवरून घसरली आणि कोपर चांगलंच खरचटलं. तिने भोकाड पसरलं, उठली, आणि सवयीने आजीकडे धावली. "आजी, फुंकर!" सासूबाईंचा हात तोंडावर गेला, पाय मागे सरले. मी पुढे होणार, तेवढ्यात त्या थांबल्या. आम्ही जुन्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी होतो.

त्यांनी वाकून पोरीला उचललं. जन्मल्यापासून पहिल्यांदा तिचा गाल यांच्या गालाला लागला, आणि पोर आश्चर्याने रडायची थांबली. तिला घेऊन त्या खोलीत गेल्या, थेट खिडकीशी, आणि खरचटलेलं कोपर हवेत धरलं. वाऱ्याने भिंगरीच्या कपाळावरचे केस उडाले. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

"थंड लागतंय," भिंगरी म्हणाली. "आजी, ही फुंकर कुणाची?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

"हॅलोबाईंची," त्या म्हणाल्या. "मी त्यांना रोज घालायचे ना, त्यांनी परत दिली."