काटा पाव टाकीवर आणि इंजिन बंद

आत्ताच नेऱ्याहून पनवेलला परत आलोय. डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहितो.

आमचे रामाशेठ नेऱ्याच्या शेडमध्ये स्वतःचं दोन सीटचं विमान बांधतायत. त्याचा फ्युएल सेन्सर मी बनवला. ॲल्युमिनियमच्या एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. मधल्या फटीत पेट्रोल चढलं की नळ्यांची वीज साठवायची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, वाढतो आणि काटा वर जातो.

आज जमिनीवरच इंजिन चालवून बघत होतो. बराच वेळ काटा फुल्लवरून हलेना. इंजिन किती कमी पितंय म्हणून आम्ही खूश. मग काटा पाव टाकीवर आला आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. टाकीत जेमतेम बोटभर पेट्रोल उरलं होतं.

रामाशेठ शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी बोललात काटा फसवणार नाय. मी वर असतो तर?"

काटा का फसला याचं उत्तर माझ्याकडे होतं, तेच जास्त लागलं. मी सेन्सरचा काटा घरी बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर जुळवून घेतला होता. शेठ भरतात पंपावरचं. त्यातल्या इथेनॉलने कपॅसिटन्स कितीतरी वाढतो, म्हणून थोडं पेट्रोलही भरपूर दिसतं. हे मला माहीत होतं. आकडे देखणे यावेत म्हणून मी सोयीचं पेट्रोल घेतलं.

त्या आकड्यांचा देखणा ग्राफ मी याच ग्रुपवर टाकला होता. तुम्ही सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी दिलेत. पेट्रोल कुठलं होतं, हे तुमच्यापैकी एकाला तरी का विचारावंसं वाटलं नाही?