दिल्लीची मागची तोफ

दापोलीहून निघताना अप्पांनी माझ्या हातात हळदीकुंकवाची पुडी ठेवली. "दसऱ्याला वाहा," ते म्हणाले, "आणि फोनवर मला दाखव."

कोणाला वाहायचं, हे सांगायची गरज नव्हती. अप्पा म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी. तरुणपणी ते नौदलात 'दिल्ली' नावाच्या क्रूझरवर (हलक्या, वेगवान युद्धनौकेवर) तोफखान्यात होते. ती बोट मुळात न्यूझीलंडच्या नौदलात होती, तिथून आपल्याकडे आली आणि म्हातारी झाल्यावर मुंबईत मोडीत निघाली. अप्पा म्हणायचे, "बोट मोडली, पण माझी मागची तोफ मोडली नाही. ती न्यूझीलंडला परत गेली." मी पडलो इंजिनियर. मी म्हणायचो, "अप्पा, भंगार कोणी कोणाला भेट देतं का?" हा वाद आमच्या घरात चाळीस वर्षं चालला आणि दर वेळी मीच जिंकलो, कारण माझा आवाज मोठा.

यंदा ऑकलंडहून माझ्या मुलाचा, अनिकेतचा फोन आला. आजोबांची तोफ खरंच आहे म्हणे, खाडीपलीकडच्या डेव्हनपोर्टला. इकडे अप्पांची नजर झपाट्यानं कमी होत होती आणि डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं सांगितलं होतं. दिसतंय तोवर ती एकदा बघायची, एवढंच त्यांचं मागणं. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

ऑकलंडच्या विमानतळावर सामानात काय काय आहे हे फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. मी प्रामाणिकपणे पुडीसुद्धा लिहिली. अधिकाऱ्यानं ती हातात घेऊन विचारलं, "हे खायचं का?" मी म्हणालो, "नाही, तोफेला लावायचं." त्यानंतर माझी बॅग तळापर्यंत उपसली गेली. शेवटी मला पुडी परत मिळाली, पण बाहेर वाट बघत असलेल्या अनिकेतनं मला विमानतळावर तोफ हा शब्द पुन्हा न उच्चारण्याची शपथ घातली.

अनिकेत माउंट रॉस्किलला भाड्याच्या घरात राहतो. रविवारी आम्ही अवोन्डेलच्या बाजारात गेलो. तिथे तारो (अळूचे कंद), कोथिंबीर, झेंडू, जुने कपडे, मासे असं सगळं एका रांगेत विकायला असतं. मी कोकणातला माणूस, तेव्हा पूजेचा नारळ मीच निवडणार. कानाशी हलवून, नखानं वाजवून मी एक उचलला. विकणारी टोंगन बाई हसली, माझ्या हातातला नारळ तिनं काढून घेतला आणि दुसरा दिला. "दॅट वन्स नो गुड, अंकल," ती म्हणाली. दापोलीत हे कोणाला कळू नये अशी माझी इच्छा आहे.

दसऱ्याच्या दिवशी अनिकेतला ईस्ट टामाकीला कामावर जायचं होतं. निघता निघता त्यानं बजावलं, "बाबा, फेरीतून उतरलात की लेफ्ट. नेव्हल बेसच्या गेटबाहेरच आहे. मॅप लावून देऊ का?"

"मी काय कुकुलं बाळ आहे?" मी म्हणालो आणि त्याच्या जँडल्स (आपल्या साध्या रबरी स्लिपर) पायात सरकवून बाहेर पडलो.

फेरीबोटीच्या प्रवासाला जेमतेम दहा-बारा मिनिटं लागतात. निळं पाणी, शिडाच्या होड्या, मागे शहराचा उंच मनोरा. डेव्हनपोर्टला उतरलो आणि उजवीकडे एक हिरवीगार टेकडी दिसली. माझ्यातला इंजिनियर जागा झाला. तोफ ठेवायची तर उंचावर ठेवतील, गेटबाहेर कशाला? मी उजवीकडे वळलो.

टेकडीवर तोफ होती! चांगली अजस्र, एका गोल खड्ड्यात बसवलेली. मला भरून आलं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, कडेच्या दगडावर नारळ फोडला आणि दापोलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. माझा धाकटा भाऊ सुधीर यानं फोन अप्पांच्या नाकाजवळ धरला.

"अप्पा, ही बघा तुमची तोफ!"

अप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाले, "नळी एकच दिसते."

"दुसरी पलीकडे असेल."

"पलीकडे कशी असेल? दोन्ही शेजारी शेजारी असतात. ही आमची नव्हे रे." त्यांनी फोन बाजूला सारला. "राहू दे. तू म्हणायचास ते बरोबर असेल. गेली असेल भंगारात."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा अप्पांनी हार मानली होती आणि मला जिंकल्याचा जराही आनंद झाला नाही. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांना विचारलं, तेव्हा समजलं की ही तोफ सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी रशियन आरमाराला हाणायला ठेवलेली किनाऱ्यावरची तोफ. रशियन काही आले नाहीत. पूजा करायला मीच पहिला आलो असेन.

मी टेकडी धावतच उतरलो. निम्म्या वाटेत एका जँडलचा पट्टा तुटला, तेव्हा दोन्ही हातात घेतल्या आणि धक्क्यावरून डावीकडे अनवाणी निघालो. नशीब, या देशात अनवाणी माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही.

गेटबाहेर ती उभी होती. करड्या रंगाचं पोलादी घर आणि त्यातून बाहेर आलेल्या दोन नळ्या, शेजारी शेजारी. मी नळ्या पुन्हा पुन्हा मोजल्या.

"किया ओरा (नमस्कार)," गेटवरची गणवेशातली मुलगी म्हणाली. "यू ऑलराइट देअर?"

मी इंग्रजीत सांगायला लागलो आणि माझं इंग्रजी मध्येच बसलं. "माय फादर," एवढंच म्हणून मी तोफेकडे बोट दाखवलं. "इंडियन नेव्ही. इनसाइड."

"आतमध्ये होते? ट्रू?" ती जवळ आली. "ही इंडियाला गेली होती आणि तिथून परत आली. लावा त्यांना फोन."

या खेपेला अप्पांनी आधी मलाच फटकारलं. "हल जरा बाजूला. तोफ दिसत नाही." मी हललो. मग ते हुकूम सोडू लागले. डावीकडे जा. थांब. आता मागे. नळ्यांच्या बुडाशी धर. दापोलीच्या खाटेवरून ते मला त्या तोफेभोवती फिरवत होते आणि मी मुकाट्यानं फिरत होतो.

"रंग ताजा आहे," ते शेवटी म्हणाले. "नीट ठेवलीय हो तिला."

त्या मुलीनं माझ्या हातातल्या फोनसमोर ताठ उभं राहून सलाम ठोकला. "किया ओरा, सर." बंडीतले अप्पा उशी सोडून सरळ बसले आणि त्यांचाही हात कपाळाशी गेला. मी रडलो, उघड उघड रडलो. पुडीत उरलेलं हळदकुंकू तोफेला लावलं; नारळ आधीच फुटलेला होता. त्यातलं एक खोबऱ्याचं भकल मी तिला प्रसाद म्हणून दिलं आणि तिनं ते खाल्लं.

महिन्याभरानं दापोलीला परतलो. इतक्या लांब जाऊन मी काय पाहिलं, तर घरात जेवताना रोज ऐकलेलं अप्पांचं एक वाक्य: माझी तोफ मोडली नाही. ते ऐकायला विमानाची गरज नव्हती. अप्पांना आता माझा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून मी अगदी जवळ बसलो आणि म्हणालो, "अप्पा, तुमचं खरं होतं. मी चुकलो."

"तोफ तिथं आहे हे मला ठाऊकच होतं रे," ते म्हणाले. "आत आम्ही काय करायचो, हे तू कधीतरी विचारशील असं वाटायचं."

मी विचारलं. त्या दुपारी चहा निवून गेला तरी अप्पा बोलत राहिले. मी मध्ये फक्त दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.